वन्संपुढे ‘छान’ म्हणू नये

वासांसाठी अख्ख्या पुण्यात सर्वांत जास्त शब्द ज्या बाईच्या संग्रही आहेत, तिला स्वतःला कसलाही वास येत नाही. हे विधान मी पूर्ण विचारांती करते आहे. पुण्यात भाषेचे जाणकार पुष्कळ. आमच्या एका सोसायटीतच एवढे आहेत की नोटीस बोर्डावर काही लिहायची सेक्रेटरींना भीती वाटते. पण भिजत घातलेल्या मटकीला पहिल्या दिवशी येणारा वास आणि मोड फार वाढल्यावर येणारा वास यांना दोन वेगळी नावं यांपैकी कुणी देऊ शकेल असं मला वाटत नाही. ही बाई देते, आणि तुम्ही दोन्हींना एकच नाव दिलंत तर तुमच्याकडे अशी बघते की जणू तुम्ही तिच्या दोन नातवंडांची नावं एकमेकांना चिकटवली आहेत. ही बाई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी. मी त्यांना ‘वन्सं’ म्हणते. नवऱ्याच्या बहिणीला हाक मारायची ही जुनी पद्धत आता कुणी पाळत नाही. पण मी लग्न करून आले तेव्हा असं म्हणायचं म्हणून सांगितलं गेलं आणि मला सांगितलेलं मी करते. त्या मला ‘वहिनी’ म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यावरून आज माझं काय चुकलं आहे ते मला कळतं.

आमची कर्वेनगरची इमारत तुम्हाला आठवत असेल. पहिल्या मजल्यावर आम्ही, आमच्या बरोबर डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर वन्सं एकट्या, त्यांच्या वर आयटीतली एक मुलगी भाड्याने राहते, आणि तळमजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक. एके काळी वन्संचं नाक हे आमच्या घराण्याचं हायकोर्ट होतं. लोणी कढवताना त्या दिवाणखान्यात पेपर वाचत बसायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, “आता उतरव, आता तूप झालं.” एकदा मी दुधाचं पातेलं त्यांच्यापुढे धरून विचारलं, की हे नासलं आहे का? त्यांनी एकदा हुंगलं आणि म्हणाल्या, “दुधाला अजून नुसती शंका आली आहे. संध्याकाळपर्यंत खात्री होईल.” मी आपलं टेबलावर ठेवून बघितलं. संध्याकाळी दुधाची खात्री झाली.

मग तो सगळ्या जगाला झालेला आजार आला. आमच्या घरात सगळ्यांचेच वास गेले आणि यथावकाश परत आले. वन्संचा गेला तो गेलाच, आणि जाताना जिभेची चवही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही सांगता येत. वन्संनी रडारड केली नाही. एक सकाळ देवापुढे उदबत्ती लावून तिच्या धुराकडे नुसत्या बघत बसल्या, मग उठल्या, जिना उतरून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, आजपासून तू मला सांगायचंस.”

“काय सांगायचं, वन्सं?”

“सगळं. आता तुझ्या घरात कसला वास येतोय?”

मी हुंगलं. “छान येतोय.”

त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, “छान!” तेव्हा त्या म्हणाल्या, “छान हा वास नसतो. छान हे तुझं मत आहे. मत मी मागितलं नाही.”

इथून माझं शिक्षण सुरू झालं. मी इंग्रजी शाळेत शिकले हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वेळी वासांची व्यवस्था अगदी सुटसुटीत होती: एक ‘नाइस’ आणि एक ‘बॅड’. लग्न झाल्यावर मी त्यांचं ‘छान’ आणि ‘घाण’ असं भाषांतर करून घेतलं आणि तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर संसार केला. कुणाची तक्रार नव्हती. वन्संनी पहिल्याच दिवशी हे दोन्ही शब्द बंद केले. मग त्यांनी मला माझंच घर फिरवलं. कपाट उघडायला लावलं. “कोंदट,” मी घाबरत म्हटलं. “कोंदट खोलीला म्हणतात. वारा मिळत नाही म्हणून खोलीने केलेली तक्रार ती. कपड्यांना नाक लाव.” मी लावलं. “कुबट?” “शाबास. म्हणजे वाळायच्या आधी घडी घातलीस.” मग शेंगदाण्याच्या कुटाचा डबा. मी म्हटलं, जुनाट. “खवट म्हण. जुनाट माणसं असतात. दाण्यातल्या तेलाचं वय झालं की खवट.” मग इडलीचं पीठ आंबूस, तव्याची कड ओशट, माठातलं पाणी मातकट. त्या दिवशी माझा शब्दसंग्रह वाढला आणि घराबद्दलचा अभिमान पार उतरला. रात्री जेवताना तुमचे आजोबा म्हणाले, “आज आमटी छान झालीये हं.” मी त्यांना म्हटलं, “हे तुमचं मत झालं.” ते बिचारे चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, घरातलं ठीक. पण वन्सं बाहेरसुद्धा तशाच. भाजीवालीपुढे उभ्या राहून विचारतात, “काय हो मावशी, कोथिंबिरीला वास कसा आहे?”

“कोथिंबिरीचा.”

“तो असणारच हो. पण कसा? हिरवट? तिखट? की उन्हात बसून मंदावलाय?”

“आजी, हुंगून बघा की! हुंगायचं काय मी पैसं लावत नाय.”

मला वाटलं, आता इथे भांडण. पण वन्संनी दोन जुड्या घेतल्या आणि रस्त्याने येताना म्हणाल्या, “चांगली बाई आहे. छान आहे म्हणाली असती तर मी घेतलीच नसती.”

दवाखान्यात तर त्या डॉक्टरांच्या आधी लोकांना तपासतात. बाकावर शेजारी कोण बसलं आहे ते बघतात आणि काय होतंय म्हणून विचारतात. माणूस म्हणतो, पोटात दुखतंय. “ते सगळ्यांचंच दुखतं. पिळवटतं, मुरडतं, की नुसतं डचमळतं?” गुडघा म्हटलं की, “ठणकतो की ठसठसतो? आणि उठताना कळ येते की सणक?” एक धिप्पाड गृहस्थ डोकं धरून बसले होते. त्यांना वन्संनी ‘दुखतंय’वरून ‘भणभणतंय’ आणि ‘भणभणतंय’वरून ‘एका बाजूला घण घातल्यासारखं’ इथपर्यंत आणलं. ते आत गेले आणि फारच लवकर बाहेर आले. जाताना वन्संना वाकून नमस्कार करून गेले. वन्सं स्वतः आत गेल्या की डॉक्टर आधी पेन खाली ठेवतात, खुर्चीत मागे टेकतात आणि मग म्हणतात, “हं, सांगा.”

वरच्या मजल्यावरची मुलगी सुरुवातीला वन्संच्या अगदी उपयोगाची नव्हती. तिचं सगळं ‘मस्त’ नाहीतर ‘भारी’. वन्सं म्हणायच्या, “भारी म्हणजे वजन. वास सांग.” पण पोरगी हुशार. एकदा जिन्यात दोघी भेटल्या, पायपुसणी ओली राहिली होती. मुलीने नाक मुरडलं आणि म्हणाली, “आजी, हे ना, वेट डॉग आहे. भिजलेलं कुत्रं, आणि तेही झोपलेलं.” वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी तिला घरात नेऊन लाडू दिला. मला खाली येऊन सांगितलं, “इंग्रजी शिकलेली असूनसुद्धा बोलते बघ पोरगी!” हे वाक्य कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही. आणि तुमच्यापैकी धाकटीने व्हिडिओ कॉलवर बर्फाचा वास ‘फ्रीज उघडल्यावर पहिला येतो तो’ असा सांगितला होता, ते तर सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगून झालं आहे. पार्किंगचा विषय चालू होता, तरी सांगितलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण एका सकाळी वन्संनी दूध तापत ठेवलं आणि त्या फोनवर बोलायला गेल्या. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस चालूच राहिला. वन्संना काय कळणार? ऑफिसला निघालेली वरची मुलगी जिन्यात थबकली आणि दार वाजवत ओरडली, “आजी! गॅस! सडलेल्या अंड्यासारखा, नाही, सडक्या कोबीसारखा वास येतोय!” वन्संनी दार उघडलं आणि विचारलं, “आधी ठरव. अंडं की कोबी?” मुलगी त्यांना बाजूला सारून आत धावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. घाम पुसत ती म्हणाली, “कोबी, आजी. कोबी.” वन्सं म्हणाल्या, “मलाही तेच वाटलं होतं. अंड्याला जरा चुन्याची झाक असते.”

संध्याकाळी वन्संचा मुलगा, म्हणजे तुमचा वारज्याचा काका, धापा टाकत आला. तो स्वभावाने मऊ आहे, पण त्या दिवशी मऊ नव्हता. “आई, बास झालं. माझ्याकडे चल. खोली तयार आहे, स्वयंपाकघरात तुला पाऊल टाकायची गरज नाही.”

“स्वयंपाकघरात पाऊल न टाकता मी करायचं काय? टीव्हीवरचे पदार्थ बघायचे?”

“तुला गॅस कळत नाही, आई! उद्या काही झालं म्हणजे?”

“मला नाक नसेल, पण नाकं आहेत. खाली एक, वर एक. ती मला सांगतात.”

काकाने माझ्याकडे बघितलं, वरच्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाला, “ठीक आहे. पण ज्या दिवशी तुझ्या या नाकांनी सांगितलं नाही, त्या दिवशी हे घर बंद आणि तू वारज्याला. कबूल?”

“कबूल,” वन्सं म्हणाल्या. त्यांना आमच्याबद्दल अजिबात शंका आली नाही, हे मला नंतर फार आठवलं.

आता गोड्या मसाल्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे झाली. दर उन्हाळ्यात वन्सं साऱ्या नातेवाइकांचा गोडा मसाला करतात. तुमच्याकडे निळ्या झाकणाच्या डब्यातून येतो तोच. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, दालचिनी, सगळं वेगवेगळं भाजायचं, थोड्या तेलावर, आणि प्रत्येकाला उतरवायची वेळ वासावरून ठरते. घड्याळाचा उपयोग नाही आणि डोळ्यांवर भरवसा नाही. दगडफूल तर आधीच काळपट असतं. वास गेल्यानंतर पहिल्या वर्षी मला कढईशेजारी स्टुलावर बसवलं आणि प्रत्येक जिन्नसाच्या पायऱ्या पाठ करून घेतल्या. धण्यांचा वास आधी गवतासारखा येतो, मग उबदार होतो, मग खमंग, मग खरपूस, आणि त्यानंतर करपट. “खमंग आणि खरपूस यांच्यामध्ये उतरवायचे,” वन्सं म्हणाल्या. मला तेव्हा दोन्ही एकच वाटायचं. पण मी शिस्तीची बाई आहे. सांगितलेल्या पायऱ्या मी नीट चढले आणि मसाला उत्तम झाला. असा उत्तम झाला की सगळ्यांनी फोन करून नावं ठेवली. विश्रांतवाडीची मावसबहीण म्हणाली, दगडफूल पुढे आलंय. दुसरं कुणी म्हणालं, तीळ जरा जास्त बोलतात. वन्सं प्रत्येक फोन ठेवल्यावर समाधानाने मान हलवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले होते. वरच्या मुलीला ऑफिसचं काम होतं. धणे आणून निवडून ठेवलेले, तेव्हा नाक कुणाचं घ्यायचं? तळमजल्यावरच्या प्राध्यापकांनी आपलं देऊ केलं. ते अर्थशास्त्राचे, पण बोलायला लागले की कुणाला पत्ता लागू देत नाहीत. वन्संच्या या वासांच्या दरबारात आपल्यालाही जागा मिळावी अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. दुर्दैवाने त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. साधी नाही, पक्की. पण ते सांगितलं असतं तर आमंत्रण हातचं गेलं असतं. त्यामुळे ते धुतलेला झब्बा घालून, रुमाल घेऊन, खुर्चीत ताठ बसले आणि बोलू लागले. धण्यांना म्हणाले, “वा! मंद, पण आश्वासक.” खोबऱ्याला म्हणाले, “गाभाऱ्यासारखा गंभीर.” आणि दगडफुलाला, “काहीसा चंदनी, नाही का?” वन्संनी असे शब्द माझ्याकडून कधी ऐकले नव्हते. त्या भारावून गेल्या. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, “रंग जरा जास्त गडद दिसतोय हो.” त्यावर प्राध्यापक म्हणाले, “रंगाकडे काय बघता, वासाकडे बघा!”

म्हणजे परिस्थिती अशी, की एकीला वास येत नव्हता आणि दुसऱ्याला आपल्याला येत नाही हे सांगायचा धीर नव्हता. आणि दोघं मिळून, अतिशय सुंदर मराठीत, वर्षभराचा मसाला जाळत होती. तुमचे आजोबा त्या वेळी खाली घरातच होते. त्यांना धूर जाणवला. पण कोपऱ्यावर कुणीतरी पालापाचोळा पेटवला आहे असं समजून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि कचरा जाळणाऱ्या लोकांविरुद्ध वर्तमानपत्रासाठी एक कडक पत्र लिहून काढलं. ते छापूनही आलं.

डबे गेले. सगळ्यांनी उघडले, पहिली आमटी केली आणि सगळ्यांना कळलं. पण वन्संना सांगणार कोण? बिचारीला वास येत नाही, वय झालंय, एवढ्या हौसेने करते, कशाला दुखवायचं, प्रत्येकाने आपापल्या घरी हाच विचार केला आणि फोन करून सांगितलं, “मसाला छान झालाय हं!” मी परत आले तेव्हा तुमचे आजोबा रोज आमटी बाजूला सारून दहीभात खात होते. मी एक घास घेतला आणि म्हटलं, “अहो, हे वन्संना सांगितलंत का?” “मी?” ते म्हणाले, “ती माझी थोरली बहीण आहे.” मग मी तरी सांगायला हवं होतं की नाही? पण मी नुकती आले होते, प्रवासाचा शीण होता, आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं.

आणि श्रावणातल्या एका रविवारी वन्संनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आम्ही दोघं, वारज्याचा काका, वरची मुलगी आणि प्राध्यापक. पानं वाढली. मसालेभात, भरली वांगी, आमटी. एकही पदार्थ असा नव्हता ज्यात तो मसाला नव्हता. वन्सं स्वतः बसल्या नाहीत. पदर खोचून पानांपुढून फिरत होत्या.

“काय रे, वांगी कशी झालीत?” त्यांनी मुलाला विचारलं.

“छान, आई.”

“भाऊ, तुला?”

“छान, छान,” आजोबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

“तू गं?”

“मस्त, आजी.” मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आणि प्राध्यापक?”

“अप्रतिम,” प्राध्यापक म्हणाले. सर्दी कधीच गेली होती आणि त्यांना आता सगळं येत होतं.

वन्संनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं. “म्हणजे करपलाय,” त्या म्हणाल्या.

तुमच्या आजोबांनी पाण्याचा पेला पुन्हा तोंडाला लावला.

“मला किती दिवसांपासून वाटत होतं. विश्रांतवाडीचीने फोन केला, म्हणाली छान. ती! माझ्या लग्नातल्या जिलबीला अजून नावं ठेवते ती. तिने छान म्हटलं तेव्हाच मला शंका आली. मग एकामागून एक सगळ्यांचं छान. म्हटलं, माझ्या घरच्यांना समोर बसवून विचारू, ते तरी सांगतील.” मग त्या मुलाकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “चल रे. वारज्याला येते मी. मला वास येत नाही ते मी चालवून घेतलं होतं. पण तुम्हाला येतो आणि तुम्ही सांगत नाही, तर मी इथे एकटी कशाच्या भरवशावर राहू? उद्या गॅस सुटला तरी छान म्हणाल.”

बाळांनो, काकाला हवं होतं तेच झालं होतं, पण त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. घास हातात तसाच राहिला होता. आणि मला वन्संच्या त्या स्वयंपाकघराला कुलूप लागलेलं डोळ्यांपुढे दिसलं. मी समोरचा मसालेभात उचलला, नाकाशी नेला आणि चांगला हुंगला.

“करपट नाही, वन्सं,” मी म्हटलं. “करपट बरा. करपट म्हणजे दोन मिनिटं उशीर झाला. हा पुढे गेलाय. चुलीतल्या लाकडावर पाणी मारून विझवल्यावर जो येतो ना, ओला, धुरकट, घशाला खरखरणारा, तो आहे. वर खोबऱ्याचा खवट जळका. आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडू, तो पाणी प्यायल्यावर वाढतो.”

वन्संनी माझ्याकडे बघितलं. “अजून?”

“आजी, टायर!” वरची मुलगी म्हणाली. “सिग्नलला कुणीतरी कचकन ब्रेक मारल्यावर येतो तसा.”

“राख,” तुमचे आजोबा म्हणाले. “होळीच्या दुसऱ्या दिवशीची. मी उन्हाळ्यापासून दह्यावर आहे.”

“आई,” काका म्हणाला, “जळक्या वायरचा वास आहे त्याला. आम्ही डबा पहिल्याच आठवड्यात फेकून दिला.”

“फेकलास? आणि मला फोनवर छान म्हणालास?”

“हो.”

“आता कसा बोललास!” वन्संचा चेहरा असा उजळला होता की बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, यांना बक्षीस मिळालं आहे. एकाहून एक वाईट शब्द येत होते आणि त्या प्रत्येकाला मान डोलावत होत्या. शेवटी राहिले प्राध्यापक. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि खाली बघून म्हणाले, “मला त्या दिवशी सर्दी झाली होती.”

वन्संनी क्षणभर विचार केला. “कसली? वाहती की चोंदलेली?”

“चोंदलेली.”

“मग बरोबर,” वन्सं म्हणाल्या. “वाहत्या सर्दीत निदान खोबरं तरी कळलं असतं.” आणि त्यांनी सगळ्यांची पानं उचलून ताज्या पोह्यांची तयारी केली. काकाने वारज्याचा विषय काढला नाही. जाताना एवढंच म्हणाला, की मी भिंतीवर गॅसचा अलार्म बसवून देतो. तो बसवला आहे. वन्संना तो आवडत नाही. त्याला एकच वास कळतो आणि त्यावर एकच शब्द येतो, असं त्यांचं म्हणणं आहे. पण तो खोटं बोलत नाही, म्हणून राहू दिला आहे.

या उन्हाळ्यात पुन्हा मसाला केला. मी स्टुलावर, वन्सं झारा घेऊन उभ्या. धणे पडले. मी हुंगत बसले आणि बराच वेळ मला कसलाच वास येईना. कढईतून वाफ येताना दिसत होती. मी आणखी वाकले. मग लांबून कुठून तरी उबदारसं काही आलं. मला वाटलं, धणे जुने असतील. पण तिळाचंही तसंच झालं, आणि मला समजलं, की जुनं काय झालं आहे. डॉक्टरांनी मागे म्हटलं होतं, या वयात डोळ्यांसारखं नाकही मंदावतं. माझ्या जिभेवर ‘खमंग’ तयारच होता. तो म्हटला असता तर कदाचित बरोबरही निघाला असता.

“वन्सं,” मी म्हटलं, “मला पूर्वीसारखा येत नाही.”

त्यांचा हात थांबला. “अजिबात?”

“येतो. पण उशिरा येतो. दारापर्यंत येतो, चपला काढत बसतो, मग आत येतो.”

मला वाटलं, आता वरच्या मुलीला हाक मारतील. तिचं नाक तरुण आहे. पण त्यांनी खाली वाकून आच अगदी बारीक केली, इतकी की निळी ज्योत जेमतेम दिसत होती. मग दुसरं स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या.

“हे चांगलं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “काही घाई नाही, वहिनी. येऊ दे त्याला सावकाश. तोवर मी ढवळते.”

दरवर्षी दुपारपर्यंत आटपणारा मसाला त्या दिवशी दिवेलागणीला झाला.